हेरल्ड, फियाट आणि दुलीचंदचा दुपट्टा

रेल्वेचं फाटक बंद असलं तरी सायकलवाल्यानं पाय जमिनीला टेकवायचा नाही, असा मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एक अलिखित नियम होता. शेजारी जे वाहन उभं असेल त्याला हात टेकायचा, पाय पायडलवरच ठेवायचे, आणि छोट्या लाईनची गाडी जाईपर्यंत चेहरा असा करायचा की हे वाहन खास आपल्याचसाठी थांबलेलं आहे.

एकोणसत्तर सालच्या जानेवारीत, एका उन्हाच्या सकाळी, तेजराम बहेकार वकील असाच एका लाल मोटारीच्या टपाला धरून उभा होता. कोट काळा, सायकल काळी, आणि डोक्यात आदल्या दिवशीची केस. तो वादीचा वकील होता. पण प्रतिवादीचंही म्हणणं त्याला आदल्या रात्रीपासून पटायला लागलं होतं. हा त्याचा जुना आजार. प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात हे नागपूरच्या लॉ कॉलेजात त्याला शिकवलं, आणि त्यातली एक शेवटी निवडायची असते हे शिकवायच्या आत परीक्षा आली.

आगगाडी गेली. फाटक उघडलं. मोटार निघाली. तेजरामचा हात निघाला नाही.

मोटार थोडी पुढं जाऊन थांबली आणि मागं आली. दार उघडून एक तरुणी उतरली. फिकट निळी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, बोटं खडूनं पांढरी. तिनं आधी सायकल उभी केली, मग वकिलाला हात दिला. काळ्या कोटाच्या बाहीवर चार पांढरी बोटं उमटली.

"लागलं का?"

"नाही, नाही. मी पाहून राह्यलो होतो..."

"काय?"

पाहण्यासारखं समोर एकच होतं, आणि ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. तेजरामची नजर मोटारीच्या मागच्या काचेवर गेली. तिथं पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : 'गाड़ी बेचनी है'. खाली किंमत.

"गाडी," तो म्हणाला. "घ्यायची आहे."

"खालून पाहून राह्यले होते?"

"खालची बाजूच आधी पाहावी लागते."

ती हसली नाही. पण न हसण्यासाठी तिला खालचा ओठ दातात धरावा लागला, आणि ते तेजरामनं पाहिलं. घोटाळा इथून सुरू झाला.

*

तसं ते खोटंही नव्हतं. गाडी घ्यायची होतीच. ती तेजरामला नको होती, त्याच्या वडिलांना हवी होती. दुलीचंद बहेकार किरनापूरचे मोठे शेतकरी, आणि बैलाच्या पारखीत तर लांजीच्या बाजारापर्यंत त्यांचा शब्द चाले. दुलीचंदनी नुसता हात फिरवला की बैल आपलं वय सांगतो, असं लोक म्हणत. मुलगा वकील झाला आणि सायकलवर कोर्टात जातो, हे त्यांना नांगराला बकरी जुंपल्यासारखं वाटत होतं. म्हणून त्यांनी लालबर्र्याच्या प्रेमलाल शेठची फियाट जवळजवळ ठरवून टाकली होती.

"जवळजवळ काहून?" तेजरामनं विचारलं होतं.

"अरे, एकटा बैल कोनी घेते काय? बाजारात गेलं तर जोडी पाहाव लागते. दुसरी एखादी गाडी आन शोधून. बाजूले उभी करू. मंग समजते, कोन्तं जनावर कसं आहे."

दुसरी गाडी आता सापडली होती. तेजरामनं वडिलांना तसं सांगितलं. कशी सापडली ते सांगितलं नाही. कोट मात्र झटकला नाही.

*

आधी फियाट पाहिली. प्रेमलाल शेठ स्वतः चालवत, कारण तेजरामला चालवता येत नव्हती. दुलीचंदांनाही नाही. बहेकारांच्या घराण्यात चालवणं म्हणजे शेपटी पिरगाळणं. प्रेमलालनं सीटवर पांढरा पंचा अंथरला, त्यावर तेजरामला बसवलं, आणि वैनगंगेच्या पुलापासून लालबर्र्यापर्यंत ते तांदळाविषयी बोलत राहिले. फियाट मुकाट्यानं चालली. चढावर चढली, वळणावर वळली, हॉर्न वाजवला तर वाजली.

"कैसी है?" प्रेमलालनं विचारलं.

"चांगली आहे," तेजराम म्हणाला. फियाटमध्ये काहीच खोट नव्हती. हीच अडचण होती.

मग हेरल्ड. भरवेलीच्या मॅंगनीज खाणीच्या वसाहतीत, एका क्वार्टरपुढच्या बाभळीखाली ती लाल, दोन दारांची, बुटकी मोटार उभी होती. चालायला निघताना वाकलेल्या माणसासारखी, जराशी पुढे झुकलेली. दुलीचंद आले, त्यांची थोरली बहीण मैनाबाई आली, आणि मधे कुठंतरी तेजराम आला.

क्वार्टरातून एक गृहस्थ चाचपडत बाहेर आले. हे वसंतराव मेंढे, खाणीतले सर्व्हेयर. येत्या फेब्रुवारीत रिटायर होणार. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं गाडी चालवणं बंद. "आता आनंदीच चालवते," ते म्हणाले. "माझी मुलगी. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते."

"नमस्ते बहनजी," मागून बाहेर आलेल्या आनंदीला दुलीचंद म्हणाले. त्या मुलखात मास्तरणीला सगळं गाव बहनजी म्हणे. कलेक्टर म्हणे, भाजीवाली म्हणे. तेजरामनं नमस्कार केला आणि संबोधन गाळलं. पुढंही ते त्यानं कटाक्षानं गाळलं. एका वाक्यात 'अहो' म्हटलं, दुसऱ्यात नुसता खोकला.

"दात पाहू," दुलीचंद म्हणाले.

आनंदीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून दोन्ही बाजूच्या कड्या सोडल्या, आणि हेरल्डचं आख्खं तोंड, दिव्यांसकट, वर उचलून पुढे कलंडवलं. आतलं इंजिन सगळं उघडं.

दुलीचंद दोन पावलं मागं सरकले, मग तीन पुढं आले. इतका उघडा जबडा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. "हौ," ते म्हणाले. "जनावर लपवून नाही ठेवत."

मग भोवरा पाहिला, म्हणजे टपावर कुठं पोचा आहे का ते. मग वळवून दाखवायला सांगितलं. आनंदीनं मोटार जागच्या जागी अशी फिरवली की क्वार्टरांच्या अरुंद गल्लीत तिला मागं घ्यावीच लागली नाही. नांगराच्या तासाच्या टोकाशी इतका नेटका वळणारा बैल दुलीचंदांच्या गोठ्यात एकच होऊन गेला होता, आणि त्याच्या आठवणीनं त्यांनी हेरल्डच्या टपावरून एकदा हात फिरवला.

"आता वझं," ते म्हणाले. "नाल्याच्या चढावर वझं घेऊन जाऊन पाहा. वझं म्हनजे... मैनाबाई, तू बस."

दोन दारांच्या मोटारीत मागं बसायचं तर पुढची सीट मोडून वाकून आत शिरावं लागतं. मैनाबाई शिरल्या. कशा, ते सांगण्यात अर्थ नाही. आत बसल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि जाहीर केलं, "आता मले उतरवाचं म्हनजे गाडी कापाव लागन."

*

किरनापूरच्या रस्त्यावर एक नाला आहे. त्याचा चढ बैलांचा जीव काढतो. चढाच्या पायथ्याशी मोहाचं झाड. पहिल्या दिवशी मैनाबाई मागं बसून चढल्या. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मी इथंच बसतो झाडाखाली. माह्या वझ्यानं का होते, ते एकदा पाह्यलं न? तुमी या जाऊन." आणि पदरातून शेंगा काढल्या.

दुसरी वेळ का आली, हा प्रश्न दुलीचंदांनीही विचारला होता.

"एका खेपेत काय समजणार, बाबा? फियाट चढावर दमदार वाटली. हेरल्ड वळणावर चांगली. पण फियाटचं वळण मी नीट पाहिलं नाही. आणि हेरल्डचा चढ..."

"पाह्य मंग पुन्हा," दुलीचंद म्हणाले. ते खूश होते. बैल घेताना पोरगा कधी इतका चिकित्सक नव्हता.

मग फियाट पुन्हा पाहिली. तिच्याशी तुलना म्हणून हेरल्ड पुन्हा. मग हेरल्डचा ब्रेक आठवेना म्हणून तीच पुन्हा. बार रूममध्ये दोन तट पडले. एक तट फियाटचा, दुसरा हेरल्डचा, आणि तेजराम दोघांचे मुद्दे त्यांना काढून देई. रात्री तो स्वतःला विचारी, आपल्याला नेमकं काय घ्यायचं आहे? आणि उत्तर म्हणून त्याच्यापुढं स्टिअरिंगवरची खडूची बोटं येत. हे उत्तर प्रश्नाला धरून नाही, असं समजून तो कूस बदले.

मोहाच्या झाडापुढं मोटारीत दोघंच. त्या दिवशी अवेळीच आभाळ आलं होतं. काचेवर बारीक थेंब... वायपर एकदा इकडं, एकदा तिकडं.

"तुमच्यासारखा आहे," आनंदी म्हणाली.

"कोण?"

"वायपर. दोन्ही बाजूले जाते. थांबत कुठंच नाही."

"पण काच साफ होते ना?"

"हौ. दुसऱ्याले दिसते. त्याले स्वतःले काय दिसते?"

तेजरामनं रुमालानं काच आतून पुसली. एरवी त्याला उत्तरं दोन सुचत.

"तुम्ही नुसते बसून गाडी पाहता," ती म्हणाली. "अशानं काय कळणार? हा गियरचा दांडा धरा. मी क्लच दाबते. मी 'आता' म्हटलं की मागं ओढा."

दांडा दोघांच्या सीटांच्या मधोमध होता. त्यानं तो धरला. चढ सुरू झाला. इंजिन कण्हायला लागलं. ती समोर पाहत होती, तो तिच्या पायाकडे पाहत होता, मग पाहू नये असं वाटून समोर, मग समोर काही दिसेना म्हणून...

"आता."

त्यानं ओढला. मोटार क्षणभर अधांतरी राहिली, मग एक हलका हिसका देऊन वर चढायला लागली.

"जमलं," ती म्हणाली.

असं तिचा पाय आणि त्याचा हात मिळून ते तो चढ अनेकदा चढले. आणि तेजरामला फियाटमधली पहिली खोट सापडली. फियाटचा गियर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. शेजारी बसणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंधच येत नाही.

वर माथ्यावर तिनं मोटार थांबवली. पाऊस थांबला होता. खाली धानाच्या कापलेल्या बांध्या, आणि झाडाखाली मैनाबाईंचा हिरवा ठिपका.

"रविवारी शेवटची पाहून घ्या," ती म्हणाली. "दुपारच्या गाडीनं गोंदियाचे एक ठेकेदार येऊन राह्यले. तुम्ही नाही घेतली तर ते घेतील."

"आणि मग?"

"मग काय. बाबांना क्वार्टर खाली करून द्यायचंय. आम्ही तुमसरला काकांकडे. तिथल्या शाळेत मी अर्ज दिला आहे. गाडी विकल्याबिगर निघायचं नाही, म्हणून थांबलो आहोत." ती बोटांवरचा खडू चोळत होती. तो निघत नव्हता. "तुम्ही घेतली तर उद्याच निघू."

तेजरामनं दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. गाडी घेतली तर ती जाते. नाही घेतली तर ठेकेदार घेतो आणि ती जाते. न घेता, न सोडता, नुसती पाहत राहायची, तर रविवार आडवा येतो.

"ब्रेक बरे आहेत," तो म्हणाला.

"हौ," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "ब्रेक बरे आहेत, वकीलसाहेब. सुटत नाही गाडी. हीच तर पंचाईत आहे."

खाली येताना तिनं गियर स्वतःच बदलले.

*

रविवारी फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत दोन्ही मोटारी शेजारी शेजारी उभ्या होत्या. जागा दुलीचंदांनी निवडली होती. आगगाडी आली की जनावर भडकतं का, ही त्यांची शेवटची परीक्षा. बालाघाटला रविवारी दुसरं काम नसल्यानं माणसं जमली होती. प्रेमलाल शेठ पंचा घेऊन आले होते. वसंतराव खुर्चीत बसले होते. मैनाबाईंनी शेंगा आणल्या होत्या.

"बोल," दुलीचंद म्हणाले.

तेजराम बोलला. फियाट पोक्त आहे, चार दारांची आहे, आत्याला बसता येईल. हेरल्ड चपळ आहे, गल्लीत वळते, जबडा उघडून दाखवते. फियाटचा आवाज कमी. पण आवाजानं दम कळतो, तो हेरल्डचा कळतो. तथापि... प्रेमलालनी मान डोलावली. वसंतरावांनीही डोलावली. अर्ध्या घटकेनंतर जमलेल्यांपैकी कोणालाच आपण कोणत्या बाजूचे होतो ते आठवेना.

दुलीचंदांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. "बस झालं. आता भाव करून पाहू. भाव झाला की मन आपोआप होते."

बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून करतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. नियम एकच. ज्यानं हात आधी काढला, त्यानं सौदा मोडला.

"वसंतराव, द्या हात."

"मला बोटंसुद्धा नीट दिसत नाहीत हो," वसंतराव म्हणाले. "अन् गाडीचं सगळं आनंदीलाच ठाऊक. ती करेल."

दुलीचंदांचा हात पुढं झालेला होता, तो तिथंच थबकला. दुसऱ्याच्या तरण्या लेकीचा हात भर रस्त्यात आपण धरायचा? साठीच्या माणसानं? ही मर्यादेची गोष्ट होती. त्यांनी हात मागं घेतला, विचार केला, आणि मर्यादा राखण्यासाठी मुलाला पुढं केलं.

"तेजराम, तू कर. तूच शिकेल आहेस."

मैनाबाईंच्या तोंडातली शेंग फुटायची थांबली.

दुपट्टा पसरला गेला. दोन हात खाली गेले. गाव पाहत होतं, आणि गावाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. सौदा होता तो.

तिची बोटं थंड होती. खडूची भुकटी अजून होती.

"तुम्हाला येते हे?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मी भूगोल शिकवते."

दुलीचंद मुलाचा चेहरा वाचत होते. "घाम येऊन राह्यला त्याले," ते बहिणीला हळूच म्हणाले. "बहनजी कच्ची नाही. भाव चढवून राह्यली."

"हौ," मैनाबाई म्हणाल्या. "लयच चढला दिसते."

"काहीतरी दाबा," आनंदी पुटपुटली. "लोक पाहून राह्यले."

त्यानं एक बोट दाबलं. कोणतं, ते त्यालाही कळलं नाही.

"हे किती झालं?"

"माहीत नाही." मग त्याच्या तोंडून, कोर्टात कधी निघालं नव्हतं असं, सरळ वाक्य निघालं. "गाडी घेतली तर तुम्ही जाल. नाही घेतली तरी जाल. दोन्हीकडून निकाल माझ्याच विरुद्ध आहे."

तिनं मान वर केली. "वकीलसाहेब... तुम्ही कोनाच्या बाजूचे?"

वकिलीच्या चार वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. फी देणाऱ्यांनीही नाही.

"तुमच्या," तो म्हणाला. आणि दुसरी बाजू सुचायची त्यानं वाट पाहिली. ती सुचली नाही.

"मग हात काढू नका."

"तुमच्या बाबांना विचारू?"

"आधी मले विचारा."

"विचारूनच तर राह्यलो. पहिल्या दिवसापासून... मला फक्त वाटत होतं की मी गाडी पाहतो आहे."

दूर वळणावर धूर दिसला. दुपारची गाडी. त्यातच गोंदियाचे ठेकेदार. फाटकवाला साखळ्या ओढायला लागला. तिची बोटं त्याच्या बोटांत आत सरकली, आणि ती समोर पाहत, अगदी चढावर म्हणायची तशी म्हणाली,

"आता."

इंजिननं फाटकाशी येऊन शिट्टी मारली. प्रेमलाल शेठ दचकले. कोणाची तरी सायकल पडली. एक बैलगाडी रस्ता सोडून नाल्याकडे निघाली. दुलीचंद मात्र समोरच्या दोघांकडे रोखून पाहत होते, जन्मभराच्या सवयीनं. डबे धडधडत गेले, धूर येऊन गेला, फाटक उघडलं. दुपट्ट्याखाली काही हललं नाही.

"भडकले नाही," दुलीचंद स्वतःशीच म्हणाले. आणि सौदा झाला असं समजून त्यांनी आपला दुपट्टा उचलला.

उन्हात, बालाघाटच्या भर रस्त्यात, दोन हात होते. त्यांना सोडायचं सुचलंच नाही. वकिलाच्या काळ्या बाहीवर मनगटापर्यंत खडू.

जमलेली माणसं जरा जवळ सरकली.

"किती झाला भाव?" दुलीचंदांनी विचारलं.

"भाव..." तेजराम म्हणाला. "राहूनच गेला, बाबा."

"मंग इतका वेळ का करून राह्यले होते?"

"दुली," मैनाबाई म्हणाल्या, "तू बैल वळखतं. बाकी तुले काही वळखू येत नाही."

दुलीचंद दोघांभोवती एकदा हळूहळू फिरले. मग खुर्चीपाशी येऊन थांबले. "वसंतराव, तुमाले काही दिसून राह्यलं का?"

"सगळं धूसर आहे," वसंतराव म्हणाले. "पण हे दिसलं."

स्टेशनाकडून एक टांगा येत होता. आत छत्री घेतलेला एक गृहस्थ. आनंदीनं तो पाहिला. उजवा हात गुंतलेला होता. तिनं डावा लांब करून हेरल्डच्या मागच्या काचेवरचा पुठ्ठा ओढून काढला आणि उघड्या खिडकीतून आत टाकला.

"अरे भाई," प्रेमलाल शेठ पंचा घडी करत म्हणाले, "वो सब ठीक है. फिएट का क्या हुआ?"

सगळ्यांनी तेजरामकडे पाहिलं. तेजरामनं तोंड उघडलं, दोन्ही बाजू मांडण्यासाठी. पण दुलीचंदांनी दुपट्टा खांद्यावर टाकत त्याला थांबवलं.

"ते बी इथंच सोडून जा, शेठ," ते म्हणाले. "मी त पहिल्याच दिवशी म्हनलं होतं. एकटा बैल कोनी घेते काय?"